दादरच्या पॅरेंटिंग प्लॅन सर्व्हिसचा रिव्ह्यू : वेगळे होताय आणि मूल आहे त्यांनी वाचा

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

ज्यांनी असं काही ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, दादर वेस्टला दोघी जणी मिळून ही सर्व्हिस चालवतात, एक मॅडम वकील आहेत आणि मीडिएटर म्हणूनही, म्हणजे दोघांत मध्यस्थी करून तोडगा काढायचं, काम करतात, दुसऱ्या ताई चाइल्ड काउन्सेलर आहेत. त्यांचं काम एकच, नवरा-बायको वेगळे होतायत आणि घरात मूल आहे, तर ते मूल कुठल्या वारी कोणाकडे, आणायचं कोणी, सोडायचं कोणी, सणाला कुठे, ताप आला तर काय, हे सगळं दोघांना समोरासमोर बसवून ठरवायचं आणि नीट कागदावर उतरवून द्यायचं, त्या कागदालाच पॅरेंटिंग प्लॅन म्हणतात. केस लढत नाहीत, कोणा एकाची बाजू घेत नाहीत. नाव इथे टाकत नाहीये कारण त्यांच्याकडे आधीच वेटिंग असतं आणि त्यांनीच सांगितलंय की ज्याला खरंच गरज आहे त्यालाच नंबर द्या, तर मेसेज करा, मी देते.

आमचं थोडक्यात सांगते. मी मुलुंडला, लेक माझ्याजवळ, तिसरीत आहे, शाळाही मुलुंडलाच. तिचा बाबा गोरेगावला त्याच्या आईसोबत. म्युच्युअल कन्सेंटने डिव्होर्स घ्यायचं ठरलं होतं, पैशावरून वाद नव्हता, लेक माझ्याकडे राहील यावरही वाद नव्हता, तरी दर शुक्रवारी रात्री फोनवर भांडण ठरलेलं. कारण काय, तर आमच्या आधीच्या वकिलांनी कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या अटींच्या, ड्राफ्टमध्ये भेटीबद्दल एकच ओळ टाकली होती, की वडील मुलीला दोघांच्या सोयीने योग्य त्या वेळी भेटू शकतील. आता सोय कोणाची आणि योग्य वेळ कुठली हे त्यात कुठेच नाही. तो म्हणणार शनिवारी सकाळी नेतो, मी म्हणणार तिचा ड्रॉइंगचा क्लास आहे, तो म्हणणार तू मुद्दाम करतेस, आणि लेक बाजूच्या खोलीत जागी. आठ वर्षांच्या मुलीने मला विचारलं, बाबाला मी सांगू का की मला क्लासला जायचं नाहीये म्हणून? म्हणजे भांडण मिटवायची जबाबदारी तिने स्वतःवर घेतली होती. तेव्हा मी ठरवलं की हे असं चालू द्यायचं नाही.

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये असते, तिचाही डिव्होर्स झालाय, तिने मला तिच्या कोर्टाची ऑर्डर वाचून दाखवली आणि मला खरंच हेवा वाटला. तिकडे राज्याच्या कायद्यातच वेळापत्रक लिहिलेलं आहे. मूल तीन वर्षांच्या वरचं असेल तर ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला महिन्याच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शुक्रवारी संध्याकाळी ६ पासून रविवारी ६ पर्यंत, शाळा चालू असताना दर गुरुवारी संध्याकाळी ६ ते ८, उन्हाळ्याच्या सुट्टीत ३० दिवस, आणि मोठे सण सम वर्षी एकाकडे विषम वर्षी दुसऱ्याकडे. दोघांनी मिळून वेगळं काही ठरवलं तर चालतं, पण नाहीच जमलं तर हे आहेच. आणि हे टेक्सासचं झालं, तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, केंटकीने २०१८ मध्ये कायदा केला की दोघांना सारखा वेळ इथूनच कोर्टाने सुरुवात करायची, फ्लोरिडात ते २०२३ पासून आलं. कॅलिफोर्नियात मूल किती टक्के वेळ कोणाकडे असतं हे पोटगीच्या फॉर्म्युल्यातच धरतात, त्यामुळे बहीण म्हणाली तिच्या तिकडच्या मैत्रिणी एकेका रात्रीवरून भांडतात कारण रात्र कमी झाली की रक्कम बदलते.

मी तो टेक्सासचा कागद प्रिंट काढून दादरला घेऊन गेले, म्हटलं हेच आमच्यासाठी करून द्या. मॅडम हसल्या नाहीत की काही नाही, त्यांनी तो कागद पूर्ण वाचला, दोन गोष्टींना पेन्सिलने खूण केली आणि म्हणाल्या या दोन आपण घेऊ, बाकीचं तुमच्या घरात बसणार नाही, कसं ते बघूया.

पहिल्या सिटिंगला बराच वेळ त्यांनी फक्त आपला कायदा समजावला, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण तोपर्यंत आम्हा दोघांनाही नातेवाईकांनी भरवलेलंच माहीत होतं. सासरच्यांनी त्याला सांगितलेलं की वडीलच गार्डियन, म्हणजे कायद्याने पालक, असतात, माझ्या आईने मला सांगितलेलं की मुलगी आहे म्हणजे कोर्ट आईलाच देतं. दोन्ही अर्धवट. हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्ट १९५६ चा आहे, त्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असं म्हटलंय, आमची लेक आठची, म्हणजे तो मुद्दाच निकाली. गार्डियन म्हणून वडिलांचं नाव आधी आहे हे खरं, पण १९९९ च्या गीता हरिहरन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील हयात असूनही मुलाकडे प्रत्यक्ष लक्ष देत नसतील तर आई गार्डियन म्हणून काम बघू शकते. आणि याच ॲक्टच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे की मुलाचं हित सगळ्यांच्या वर. त्याच्याही आधीचा १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट आहे, त्याप्रमाणे मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. डिव्होर्सच्या केसमध्येच मुलाबद्दल ऑर्डर करायची तर हिंदू मॅरेज ॲक्टचं कलम २६. पण या कुठल्याच कलमात वार नाहीत, तास नाहीत, दिवाळी नाही की मे महिना नाही. लॉ कमिशनने २०१५ मध्ये २५७ नंबरचा रिपोर्ट दिला होता, जॉइंट कस्टडी (मुलाचा ताबा दोघांकडे मिळून) आणि पॅरेंटिंग प्लॅनबद्दल, त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून मॅडमचं म्हणणं असं की टेक्सासमध्ये दोघांनी काहीच ठरवलं नाही तरी काहीतरी मिळतं, इथे तुम्ही ठरवलं नाहीत तर तुमच्या हातात ती एक ओळच उरते, मग प्रत्येक वेळी कोर्टात अर्ज. मला हे वाक्य ऐकून सगळं लख्ख कळलं आणि तिच्या बाबालाही, तिथून पुढे आमचा सूरच बदलला.

आता मुख्य काम. त्यांच्याकडे प्रश्नांची एक जाडजूड फाईल आहे आणि माझ्या मते सगळी फी त्या फाईलची आहे. वीकेंड कोणाचा हे तर सगळेच विचारतात, पण या बायका विचारतात की महिना शनिवारी सुरू झाला तर पहिला वीकेंड कुठला धरायचा? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग शुक्रवारावरून मोजायचं ठरलं, ज्या महिन्यात शुक्रवार त्या महिन्याचा वीकेंड, हे त्या टेक्सासच्या कागदातून घेतलेलं पहिलं. पहिला आणि तिसरा बाबाचा. पाचवा आला तर सलग दोन वीकेंड तो तिला नेणार आणि मला पंधरा दिवसांत एकही सुट्टीचा दिवस तिच्यासोबत मिळणार नाही, म्हणून पाचवा आलटून पालटून. असले बारीक प्रश्न आत्ता निरर्थक वाटतात पण मला माहितीये, हेच प्रश्न सहा महिन्यांनी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर आले असते.

तिच्या बाबाला अर्धा अर्धा आठवडा हवा होता, दोन दिवस इथे दोन दिवस तिथे आणि मग तीन, असा एक प्रकार परदेशात चालतो तो त्याने कुठेतरी वाचलेला. मॅडमनी त्याला नाही म्हटलं नाही, फक्त सकाळ लिहायला सांगितली. शाळा सातला, गोरेगावहून मुलुंड, जेव्हीएलआरने, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, यायचं, पवईला काय अवस्था असते ते मुंबईकराला सांगायला नको, ट्रेनने यायचं तर दादरला बदलून. म्हणजे पोरीला पाच वाजता उठवायचं. त्याने स्वतःच तो कागद बाजूला सारला. त्याऐवजी दर बुधवारी तो ऑफिसमधून लवकर निघून मुलुंडला येतो, तिला स्विमिंगला नेतो, जेवण करून साडेआठला घरी सोडतो. हे बुधवारचं तिला इतकं आवडतं की गॉगल आणि टॉवेल ती मंगळवारीच काढून ठेवते.

सणांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता, इथे त्या परदेशी कागदाचा काही उपयोग नाही. त्याच्याकडे कणकवलीला मूळ घरी गणपती असतो, लेक बाळ असल्यापासून गेलेली आहे, चुलतभावंडं सगळी तिथे जमतात. माझ्या माहेरी गौरी बसतात. तारखा लिहून चालत नाही कारण दर वर्षी बदलतात, आणि गौरी तर नक्षत्रावर येतात, अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, त्यामुळे चतुर्थीनंतर गौरी कितव्या दिवशी येणार हेसुद्धा दर वर्षी सारखं नसतं. ताईंनी पंचांग काढलं आणि पुढच्या तीन वर्षांचं आमच्यासोबत बसून बघितलं. शेवटी असं ठरलं की गणपती दर वर्षी बाबाकडे कणकवलीला, गौरी पूजनाला ती माझ्याकडे असेल जर मधे तीन दिवस मिळत असतील तर, नाहीतर त्या वर्षी पूर्ण कणकवली आणि बदल्यात नवरात्रातला वीकेंड माझा. आणि त्यात एक ओळ मॅडमनी घातली जी मला कधीच सुचली नसती, रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून, आधी १२० होतं, तर गावी जायचं की नाही आणि परतीचं तिकीट कुठल्या दिवसाचं हे गणपतीच्या ७५ दिवस आधी लेखी कळवायचं. कोकणात जाणाऱ्यांना माहितीये की एकदा बुकिंग उघडलं की काही मिनिटांत वेटिंग लागतं, आणि तिकीट नाही मिळालं म्हणून लेक दोन दिवस उशिरा आली की त्यावरून पुन्हा संशय सुरू.

दिवाळीत लक्ष्मीपूजन सम वर्षी माझ्याकडे विषम वर्षी त्याच्याकडे, ही टेक्सासच्या कागदातली दुसरी गोष्ट. भाऊबीज कायम बाबाकडे कारण चुलतभाऊ तिथे आहेत, आणि माझ्या भावाला मी ओवाळायचं तर ते मी पाडव्यालाच करून घेते, त्यात काही बिघडत नाही. वाढदिवस ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडे, दुसऱ्याला त्या दिवशी दोन तास. मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी म्हणायला सोपी आहे पण स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि सीबीएसईवाल्यांचं वर्ष एप्रिललाच सुरू होतं, उद्या शाळा बदलली तर काय? म्हणून तारखा न टाकता शाळेचं सर्क्युलर आलं की सात दिवसांत दोघांनी बसून आखायचं असं लिहिलं.

आता ताईंबद्दल. लेकीला त्यांनी एकटीला भेटायला बोलावलं तेव्हा मला धाकधूक होती, मला वाटलं विचारतील तुला कोण आवडतं. त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं की हा प्रश्न मी विचारत नाही आणि तुम्हीही घरी विचारायचा नाही. त्यांच्या खोलीत बुटकं टेबल आहे, त्यावर सात चौकोन आखलेला मोठा कागद आणि स्केचपेनं, आणि तिला सांगितलं प्रत्येक वारी काय काय होतं ते काढ. तिने बुधवारी पाणी काढलं, शनिवारी आजीचं तव्यावरचं घावन काढलं, आणि रविवारच्या चौकोनात फक्त एक बॅग. ताईंनी विचारलं ही कसली बॅग, तर म्हणाली, दुपारी जेवण झालं की आजी माझी बॅग भरायला घेते आणि मग कोणी माझ्याशी खेळत नाही, सगळे घड्याळाकडे बघतात. हे ताईंनी आम्हाला सांगायच्या आधी तिची परवानगी घेतली, सांगू का म्हणून, ती हो म्हणाली तेव्हाच सांगितलं. मी आणि तिचा बाबा दोघंही ते ऐकून गप्प झालो कारण आम्ही सहा वाजता सोडायचं की सात वाजता यावर तोपर्यंत कितीतरी वाद घातले होते आणि तिचा त्रास वेगळाच होता.

त्यावरून प्लॅनमध्ये बदल झाला. दोन्ही घरी कपड्यांचा, ब्रशचा, चपलांचा पूर्ण सेट, इनहेलर दोन्हीकडे एकेक, येण्याजाण्यात फक्त दप्तर. शुक्रवारी बाबा तिला थेट शाळेतून घेतो, म्हणजे आमच्या दाराशी उभं राहून बोलायची वेळच येत नाही, आणि रविवारी रात्रीचं जेवून आठला सोडतो. सासूबाईंनी ते लगेच मनावर घेतलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कितीही असलं तरी हे त्यांचं मानायला पाहिजे.

रविवार म्हटलं की मेगाब्लॉक आला, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद किंवा वळवलेल्या. सेंट्रलला मेगाब्लॉक, वेस्टर्नला जम्बोब्लॉक, कधी कधी दोन्हीकडे एकाच रविवारी, आणि ब्लॉक संपल्यावरही गाड्या उशिराच धावतात. त्यामुळे प्लॅनमध्ये चक्क लिहिलंय की ब्लॉकच्या रविवारी पाऊण तास उशीर हा उशीर धरायचा नाही, निघताना एक मेसेज टाकायचा. पावसाचंही आहे, हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर लेक जिथे आहे तिथेच राहील, कोणीही तिला घेऊन बाहेर पडायचं नाही, आणि गेलेला वेळ पुढच्या ३० दिवसांत भरून द्यायचा. ताप १०१ च्या वर असेल तर तसंच, आणि दुसऱ्याने घरी येऊन तासभर तिच्याजवळ बसायला हरकत घ्यायची नाही. हे शेवटचं मला आधी जड गेलं, तो माझ्या घरात येणार म्हणून, पण तापात मुलं बाबा बाबा करतात हे मी ऐकलंय, मग मी सही केली.

फोनबद्दल मॅडमनी २०२० ची सुप्रीम कोर्टाची यशिता साहू केस सांगितली, त्यात कोर्टाने म्हटलंय की दोन्ही पालकांच्या प्रेमावर मुलाचा हक्क आहे, प्रत्यक्ष भेटीशिवाय फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलण्याचाही हक्क असला पाहिजे. आमच्याकडे रोज साडेसात ते पावणेआठ, ज्याच्याकडे ती नसेल त्याचा कॉल. कॉल चालू असताना तिच्या मागे उभं राहायचं नाही, हेही लिहिलेलं आहे. आणि तिच्या तोंडून निरोप पाठवायचे नाहीत, फीचे नाहीत, मीटिंगचे नाहीत, कसलेच नाहीत. त्यासाठी आमच्या दोघांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात फक्त लेकीचं.

पैसे त्यांनी मुद्दाम वेगळ्या कागदावर घेतले. शाळेची फी, मेडिक्लेम, क्लासेस हे त्या कागदात, आणि एखादा हप्ता चुकला म्हणून भेट अडवायची नाही, भेट चुकली म्हणून हप्ता अडवायचा नाही, हे दोन्हीकडे लिहिलं. मला हे फार पटलं. शाळा बदलणं, ऑपरेशन, पासपोर्ट आणि परदेश प्रवास यांना दोघांची लेखी संमती लागेल, बाकी रोजचं ज्याच्याकडे ती असेल तो ठरवेल.

मग कोर्ट. दोघांनी सही केलेला नुसता कागद घरात ठेवून पुरत नाही हे लक्षात ठेवा. आमचा पूर्ण प्लॅन कन्सेंट टर्म्सला जोडून वांद्र्याला बीकेसीतल्या फॅमिली कोर्टात दाखल केला, तिथल्या मॅरेज काउन्सेलरनी दोघांना विचारून खात्री केली की समजून उमजून केलंय, आणि कोर्टाने तो स्वीकारला की तो ऑर्डरचा भाग होतो, मग कोणी पाळला नाही तर त्याची अंमलबजावणी मागता येते. आणि तो दगडावरची रेघ नाहीये, मुलांच्या ताब्याच्या ऑर्डरी परिस्थिती बदलली की बदलता येतात, सुप्रीम कोर्टाने हे १९७३ मध्येच रोझी जेकब केसमध्ये सांगितलंय. आमच्या प्लॅनमध्ये लेक पाचवीत गेली की पुन्हा बसायचं असं आहे, तेव्हा तिचे क्लासेस, मैत्रिणी, सगळंच वेगळं असेल.

आता अर्धा मार्क. एक तर पूर्ण ड्राफ्ट इंग्रजीत. कोर्टासाठी वकिलांना ते सोयीचं असेल पण हा कागद रोज वापरणार कोण, आम्ही आणि तिची आजी. सासूबाईंना मराठीच वाचता येतं आणि शुक्रवार ते रविवार लेक बऱ्याचदा त्यांच्याच हाताखाली असते. मराठीत चार पानी सारांश मागितला तर मिळाला, चांगला मिळाला, पण त्याचे १५०० रुपये वेगळे. माझ्या मते हे फीमध्येच असायला हवं, मुंबईत मराठी घरांसाठी काम करताय तर. फी एका जॉइंट सिटिंगची २५०० रुपये, दोघांत अर्धी अर्धी, मुलाची भेट वेगळी धरत नाहीत. वकिलांच्या तारखांवर जातं त्याच्या मानाने काहीच नाही, पण ज्यांचा पगार बेताचा आहे त्यांना जड जाईल. अशांनी हे लक्षात घ्या की फॅमिली कोर्टातच काउन्सेलर असतात, १९८४ च्या फॅमिली कोर्ट्स ॲक्टमध्येच त्यांची तरतूद आहे, आणि आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे, तिथे बसूनही भेटीचं वेळापत्रक ठरवता येतं, फक्त वर लिहिलेले प्रश्न तुम्ही स्वतः घेऊन जा.

दुसरं, त्यांनी एक परदेशी ॲप घ्यायला लावलं, दोघांनी महिन्याला पैसे भरायचे. त्यात थँक्सगिव्हिंग आहे, स्प्रिंग ब्रेक आहे, संकष्टीही नाही आणि शाळेची दिवाळी सुट्टीही नाही, प्रत्येक गोष्ट हाताने भरा. आम्ही ते सोडून साधं गूगल कॅलेंडर शेअर केलं, माझे दिवस हिरवे, बाबाचे निळे, लेक सकाळी उठून स्वतः बघते आज कुठला रंग. ताईंना हे सांगितलं तर त्यांनी चांगल्या मनाने ऐकून घेतलं, पुढच्या लोकांना ॲपची सक्ती करणार नाही म्हणाल्या. तिसरं, सिटिंग फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी पाच वाजता, नोकरी करणाऱ्या दोघांनी हाफ डे टाकायचा, शनिवारी एखादा स्लॉट ठेवायलाच हवा.

कोणी जाऊ नये तेही सांगते, आणि हे त्या स्वतः फोनवरच विचारतात म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त आदर आहे. घरात मारहाण झाली असेल, धमक्या असतील, भीती वाटत असेल तर जॉइंट सिटिंग त्या घेतच नाहीत. अशा बाईने आधी २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली प्रोटेक्शन ऑफिसरकडे (या कायद्याखाली नेमलेला सरकारी संरक्षण अधिकारी) किंवा मॅजिस्ट्रेटकडे जायचं, त्या कायद्याच्या कलम २१ मध्ये मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीमुळे मुलाला धोका असेल तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारूही शकतात. समोर बसून समजुतीने घ्या असं अशा वेळी सांगणारे नातेवाईक खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. तसंच एक जण परदेशात असेल तर यांच्या प्लॅनवर थांबू नका, मुलांना परत आणण्याबद्दलच्या हेग कन्व्हेन्शनवर भारताने सही केलेली नाही, त्यात माहितगार वकीलच लागतो.

मूल तीन-चार वर्षांचं असेल तर तेही चालतं, पण ताई मग लांब लांब वीकेंड सुचवत नाहीत, आठवड्यातून जास्त वेळा पण थोडा थोडा वेळ, असं बसवून देतात आणि रात्रीचा मुक्काम हळूहळू वाढवतात. माझ्या ऑफिसमधल्या एकीचं तसं झालंय, तिच्या मुलाला बाबाकडे झोपायची सवय व्हायला वेळ लागला पण झाली.

जायचं असेल तर शाळेचं वर्षाचं सर्क्युलर, क्लासेसच्या वेळा, दोघांच्या ऑफिसच्या सुट्ट्यांची यादी आणि मुलाच्या डॉक्टरांची फाईल सोबत न्या, आधीचा कन्सेंट टर्म्सचा ड्राफ्ट असेल तर तोही. मुलाला पहिल्या भेटीला नेऊ नका, कधी आणायचं ते ताई सांगतात.